एक डोळा कमी, दोन भोकं जास्त

तोरसकर काका दुकानात टॅब बघायला गेले की आधी तो पालथा घालतात. पडदा केवढा, रंग कसे, वेग किती, हे विक्रेता सांगत असतो आणि काका भाजीवाल्याकडचं वांगं तपासावं तसे त्याची पाठ तपासत असतात. पाठीवर कॅमेऱ्याचा काळा गोल दिसला की तोंडाने ‘च्यक’ असा आवाज येतो. मग ते गंभीरपणे विचारतात, “इसका आँख निकालके मिलेगा क्या?”

मुलुंडच्या एका दुकानातल्या विक्रेत्याला वाटलं, अंकल मजा करतायत. तो हसला. काका हसले नाहीत. “अंकल, कॅमेरा तो आएगा ही,” तो म्हणाला. काकांनी टॅब सुलटा केला, पुढेही एक बारीक डोळा होता. “अरे, ह्येका पुढे पण आसा!” असं ते माझ्याकडे बघून ओरडले. जणू मीच तो तिथे बसवून ठेवला होता.

मी त्यांच्याबरोबर का, तर मी त्यांच्या समोरच्या दारात राहते आणि मी ‘कॉम्प्युटरवर बसते’. विम्याच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांची नावं आणि जन्मतारखा भरते, पण नाहूरच्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती इंजिनियर अशी आहे. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा टीव्ही निळा झाला, की “वैशालीला बोलवा.” मी जाते, बंद करून चालू करते आणि चहा पिऊन येते.

काका भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आलेला माल तपासायचा, जादा किंवा चुकीचा असेल तो परत पाठवायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला, काका निवृत्त झाले, पण तपासणी चालूच राहिली. वस्तू कुणाचीही असो, ती हातात घेऊन ते विचारणार, “ह्येचा काम काय?” उत्तर पटलं नाही तर निकाल ठरलेला, “रिजेक्ट!”

माझ्या मिक्सरबरोबर एक जादा भांडं आलं, ते रिजेक्ट. लिफ्टमध्ये सोसायटीने गाणं बसवलं, ते रिजेक्ट. माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले तेव्हा एका पाकिटात दुसरं पाकीट निघालं, त्यात पत्रिका. काकांनी आतलं पाकीट मला परत दिलं. “लग्नाक येतंय. ह्या घेवन जा,” म्हणाले. आणि खरंच आले, आहेर केला, बासुंदीला नावं ठेवत दोनदा घेतली.

दाराला बाहेरचं बघायला जे छोटं भिंग असतं, तेही त्यांनी आतून पट्टी लावून बुजवलंय. “बघूचा आसात तर दार उघडून बघूचा. भोकातून कित्याक?” आता दार ते उघडतात खरं, पण अर्धंच, आणि त्या अर्ध्या फटीत स्वतः उभे राहतात. मागचं काही दिसत नाही. कुरिअरवाला असो की मी, सगळा व्यवहार तिथेच, उभ्या उभ्या.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ते दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि आतून काकींचं गाणं ऐकू यायचं. काकी आमच्या भजनी मंडळाच्या प्राण. सुलभाताई मंडळ चालवायच्या, पण गाणं काकींचं. त्यांनी सूर लावला की बाकीच्या बायका आपोआप त्यात शिरायच्या. बेसूर बाईसुद्धा काकींच्या शेजारी बसली की सुरात वाटायची. मी त्यांच्या शेजारी बसायचे, म्हणून मला माहीत.

मग वर्षापूर्वी काकी आजारी पडल्या. हॉस्पिटलातून घरी आल्या, बऱ्या आहेत असं काकांनी फटीत उभं राहून सांगितलं. भेटायला गेलेल्या बायकांना “झोपली हा” असं उत्तर मिळालं. सकाळी गेलं तरी झोपलेल्या, संध्याकाळी गेलं तरी झोपलेल्या. हळूहळू बायका जाईनाशा झाल्या आणि काकांना नावं ठेवू लागल्या.

मंडळ तोवर मोबाइलवर आलं होतं. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली सवय, ती तशीच राहिली, कारण एकजण चारकोपला मुलाकडे राहायला गेली, एकीचे गुडघे तिला जोगेश्वरीहून हलू देईनात. दर गुरुवारी दुपारी सगळ्या पडद्यावर जमतात. एकमेकींचे आवाज मागेपुढे पोचतात आणि गजराची वाट लागते, म्हणून सुलभाताईंनी नियम केला की कडवं एकीनेच म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून नुसता टाळ धरायचा. सगळ्यांची एकच इच्छा होती, काकींनी यावं. गाऊ नका, नुसत्या दिसा. सुलभाताईंनी काकांना फोन करकरून भंडावलं.

काकांचं उत्तर एकच, “आमच्या टॅबाक कॅमेरो नाय.”

खरं तर होता. पण त्या जुन्या टॅबच्या कॅमेऱ्यावर मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. सोसायटीत त्यावरून ‘काकांचा टॅब सवाष्ण आहे’ असा विनोद चालायचा. टिकली काढा म्हटलं तर काका चवताळायचे. “गाणा कानान ऐकतत ना? मग डोळ्याचा काम काय?”

सुलभाताई मला म्हणायच्या, “संशयी माणूस. बायकोला कोंडून ठेवलंय बघ.” मनातून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. काकींसाठी जीव तुटायचा आणि काकांचा राग यायचा. त्यांना लिफ्टमध्ये बघून मी एकदोनदा जिन्याने गेले.

अशात तो जुना टॅब मेला. बंद करून चालू करायचा माझा इलाज चालला नाही. काकांचा चेहरा इतका पडला की माझा राग बाजूला राहिला आणि आमच्या दुकानवाऱ्या सुरू झाल्या.

डोळा नको, ही एक अट होती. दुसरी अट त्याहून अवघड. काकांना भोकं हवी होती. चार्जिंगचं एक आणि इयरफोनची दोन. हल्लीच्या टॅबला इयरफोनचं एकही भोक नसतं. जे काही आहे ते एकच, त्यातूनच वीज आत आणि त्यातूनच आवाज बाहेर.

“जेवणा नि बोलणा एकाच भोकातून?” काका भडकले.

“काका, आपणही एकाच तोंडाने जेवतो आणि बोलतो,” मी म्हटलं.

“म्हणानच ठसको लागता.”

विक्रेत्याने बिनवायरचे इयरफोन दाखवले, कानात घालायच्या दोन पांढऱ्या बिया. काकांनी त्या तळहातावर घेतल्या, वायर शोधली, सापडली नाही, परत दिल्या. रिजेक्ट. मग त्याने एक छोटी डबी काढली. ती टॅबला जोडली की चार-पाच भोकं मिळतात, इयरफोनची दोन धरून. काका डबीकडे बघत राहिले. “म्हणजे भोकां वेगळी इकत घेवची? उद्या शर्ट देतील नि बटनांची काजां वेगळी विकतील.” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. पण डबी त्यांनी घेतली. टॅबही घेतला, दोन्ही डोळ्यांसकट. बरेच रविवार हिंडून आता ते थकले होते.

“चल, चालू करून दी,” म्हणत त्यांनी घरी आल्यावर दार उघडलं. नेहमीसारखं अर्धं उघडलं, फटीत उभे राहिले. मी हातात खोकं घेऊन बाहेर. मग ते बाजूला झाले.

काकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, साडी चापूनचोपून. पण चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली होती. तोंडाचा कोपरा उतरलेला, डोळा अर्धा मिटलेला, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. त्यांनी मला बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मंडळाच्या वार्षिक भजनाला जाताना आरशासमोरून न हलणाऱ्या काकी मला आठवल्या, आणि मला रडू आलं. मी खोकं उघडायच्या निमित्ताने खाली बघितलं.

काका माझ्याशेजारी जमिनीवर बसले. हळू आवाजात म्हणाले, “तिका नको वाटता गो कोणी बघलेला. पण तसा सांगाक पण तिका नको वाटता. तू सगळा माझ्या नावार घाल. सांग, म्हाताऱ्याचा डोक्या फिरला.”

वर्षभर हेच चाललं होतं. दारातली फट, टिकली, कॅमेऱ्यावरचं भांडण, सगळं काकांनी आपल्या नावावर घेतलं होतं. सोसायटी त्यांना विक्षिप्त म्हणत होती, संशयी म्हणत होती, आणि ते ऐकून घेत होते. कुणी काकींबद्दल ‘बिचारी’ म्हणू नये, एवढ्यासाठी.

“आणि दोन इयरफोन?” मी विचारलं.

“एक तिचो, एक माझो. जुन्या गुरवारांची रेकॉर्डिंगा आसत, ती दोघां मिळान ऐकतो.”

“मग बिनवायरचे घ्यायचे ना, काका. केवढे सोपे.”

“हाक मारूक तिका कष्ट पडतत. वायर आसली की ती माझी ओढता. मगे माका कळता.”

मी डबी जोडली, दोन्ही वायरी लावल्या, एक काकींच्या कानात, एक काकांच्या. कॅमेरा कसा बंद ठेवायचा ते काकांना दाखवलं, त्यांनी ते तीन-चारदा करून बघितलं. मग मीच भीत भीत म्हटलं, “काकी, येत्या गुरुवारी याल? दिसणार नाही तुम्ही. नुसत्या ऐका.” थोड्या वेळाने काकांच्या कानातली वायर हलली. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, “येतली.”

गुरुवारी पडद्यावर बायकांचे चेहरे आणि मध्ये एक काळा चौकोन. मी रजा टाकून काकांकडेच बसले होते, माझ्या मोबाइलचा इयरफोन एका कानात घालून. सुलभाताईंचं लगेच सुरू झालं, “काका, अहो आता तरी कॅमेरा लावा! बघू दे आम्हाला काकींना. किती तो हट्टीपणा!”

“माझ्या घरात माझो कायदो!” काका मोठ्याने ओरडले. आणि ओरडता ओरडता काकींच्या मांडीवरच्या चिपळ्या त्यांच्या चांगल्या हातात दिल्या.

अभंग सुरू झाला. एकेकीचं कडवं झालं आणि सुलभाताई म्हणाल्या, “काकी, पुढचं तुमचं. म्हणता?” मी घाबरले. काकांचा हात माइक बंद करायला पुढे गेला, पण काकींनी वायर ओढली. त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर अडखळत होते, सूर मध्येच सुटत होता. एवढ्या सुरेल बाईचा तो आवाज ऐकवेना. आणि त्याच वेळी शेजारून काका गायला लागले. काकांना गाणं येत नाही. जन्मात कधी आलं नाही. ते घसा फोडून, भसाड्या आवाजात, काकींचं कडवं काकींबरोबर म्हणत राहिले. काकींचा तुटका सूर त्या गोंगाटात कुठे बुडाला ते कळलंच नाही.

“काका, तुम्ही गप्प बसा हो!” चारकोपहून कुणीतरी ओरडलं. काकांनी आवाज आणखी चढवला.

मग दर गुरुवारी हेच. बायका मला जिन्यात, नाक्यावर गाठून सांगायच्या, “काकांना आवर. कान किटले.” मी सांगायचे, “सांगून बघितलं, ऐकत नाहीत. तुम्हाला माहितीये ना कसे आहेत ते.” काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं त्यांच्या नावावर घालत होते. आता हे लिहितेय ते काकींना विचारून. काकांना विचारलं तर म्हणाले, “लिवन करतलंस काय? ह्येचा काम काय?”

एकदा स्टेशनबाहेर भाजी घेताना सुलभाताई भेटल्या. मी आपली नेहमीची तक्रार ऐकायला तयार झाले. त्यांनी मेथीची जुडी उगाचच सोडली, परत बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काकांना म्हणावं, जरा हळू गा. मागचा आवाज आम्हाला ऐकायचाय. जसा असेल तसा.”

मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. “म्हणजे तेंका कळला?” एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा त्यांच्याकडेच होते, कॅमेरा बंदच होता. काकींचं कडवं आलं, काकांनी नेहमीसारखा दणक्यात आवाज लावला. पहिली ओळ झाली आणि ते थांबले. काकींनी दचकून वायर ओढली, पुन्हा ओढली. काकांनी त्यांचा हात धरला, पण तोंड उघडलं नाही. काकी एकट्याच पुढे म्हणत राहिल्या, अडखळत, सूर सोडत, परत धरत. पडद्यावरच्या एकाही बाईने टाळ थांबवला नाही.