नको असेल तर नको सांगा

सोनवणे खालच्या टपरीवर चहा सांगतो, आणि मध्येच चहाची इच्छा गेली तर तीन मजले उतरून स्वतः "नको" म्हणून सांगून येतो. तोवर चहा उकळलेला असतो. मग तो पिऊनच वर येतो. असा हा माणूस, आणि अंबडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कौतुक त्याचंच. टीम लीडची जागा निघाली तेव्हा आम्ही दोघंच उमेदवार होतो. कंपनी चालवणाऱ्या मॅडम दोघांनाही म्हणाल्या, "कळवते." मी तिथे सात वर्षं, तो तीन. माझा जळफळाट होत होता, लपवायचं कशाला.

"नको असेल तर नको सांगा, लटकवून ठेवू नका," हे तो सगळ्यांना ऐकवतो. लग्नपत्रिका आली आणि जमणार नसेल, तर त्याच दिवशी फोन. "माझं ताट धरू नका." समोरचे रुसतात. याला काही वाटत नाही.

कोडमध्येही तेच. आमचं ॲप व्यापाऱ्यांना ठिकठिकाणच्या बाजारांतले कांद्याचे भाव दाखवतं. गाव निवडलं की सर्व्हरकडे विचारणा जाते, उत्तर जरा वेळाने येतं. तेवढ्यात माणसाने गाव बदललं, तरी आधीची विचारणा वाटेतच असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हटलं, कोण एवढं बघतंय. डेमोला एका व्यापाऱ्याने आधी येवला निवडलं आणि लगेच लासलगाव. लासलगावचा भाव आला, आणि मागून रेंगाळत आलेला येवल्याचा भाव त्याच्या जागी जाऊन बसला.

व्यापारी म्हणाला, "हा भाव लासलगावचा नाय. मी आत्ता तिथूनच आलो."

मी घाम पुसत होतो, तोवर सोनवणेने चार ओळी लिहिल्याही. नवी विचारणा निघाली की जुनी रद्द. "उत्तर नकोय तर सांगून टाकायचं ना, भाऊ. तिला उगा कशाला फिरवायचं?" मॅडमनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. "लीड मला केलंय. मॅडम तुला महिनाअखेरीस सांगणार होत्या. मी त्यांना विचारलं, मीच सांगू का आज."

मला वाटलं, मिरवायला आलाय. "एवढी काय घाई होती?" मी तुटकपणे विचारलं.

तो खुर्ची ओढून बसला. "तू रोज मॅडमच्या दाराकडं बघत बसतो. मला नाय बघवत." मग म्हणाला, "माझ्या ताईला बघायला पाहुणे आले होते. कळवतो म्हणाले. त्यांना पसंत नव्हती, पण तोंडावर नाही कोण म्हणणार? वडिलांनी दोन वर्षं दुसरं स्थळ बघितलं नाय. म्हणायचे, त्यांचं उत्तर आल्याबिगर बरं दिसत नाय. तोवर तो पोरगा एका लेकराचा बाप झालता."

माझी जागा गेली होती. तरी तोंडून निघालंच, "आणि ताई?"

"येवल्यातच हाय, आमच्या घरी. पैठणी विणती." तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली. "घरात फोन वाजला की अजून तीच आधी उठती."