पाच वाजता तीन ठोके

पहाटेची प्रार्थना म्हणजे एलिएसेरच्या डाव्या हातचा मळ! निदान दुकानात वस्तरा नाचवत तो गिऱ्हाइकांना तसं सांगत होता.

"रोज पाचला देवळात हजर! बाबांचा खांदा मी कुणाला देणार नाही!"

खांदा म्हणजे पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत येशूच्या मखराखालची पुढची डावी जागा. त्याच्या बापानं ती तीस वर्षं सांभाळली, तीही एक पहाट न चुकवता. यंदा फादरांनी अट घातली होती. सणाआधीच्या नऊ पहाटांपैकी एक जरी चुकली, तरी खांदा थेट मेव्हण्याकडे, ओविदियोकडे!

"दाजी, तुम्ही आणि पाचला?" ओविदियो खो खो हसला. "तुमचे वडील पलंग ठोकून ठोकून थकले, तरी तुम्ही उठला नाहीत!"

टोमणा झोंबला. एलिएसेरनं त्रांसितो मावशीला गाठलं. गावात कुणी मेलं की रात्रभर जपमाळ ओढायला हीच.

"स्वर्गाच्या दाराबाहेर खोळंबलेले आत्मे आहेत ना, ते उठवतात," मावशी म्हणाली. "झोपताना सांगायचं फक्त. पण उठल्या उठल्या गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना म्हण. नाहीतर पाठ सोडत नाहीत हो!"

"एवढंच ना?" रात्री एलिएसेरनं अंधाराला ऐटीत हुकूम सोडला, "मला रोज पाचला उठवा!"

बरोब्बर पाचला पलंगाच्या फळीवर वाजलं. ठक, ठक, ठक. बायको शेजारी घोरत होती. दाराला कडी होती. खोलीत मात्र विझलेल्या मेणबत्तीचा वास! एलिएसेर देवळाकडे असा पळाला, की आत्म्यांची प्रार्थना राहूनच गेली.

झालं! संध्याकाळी पाचला दुकानात, गिऱ्हाईक अर्ध्या फेसात असताना, आरशामागून ठक, ठक, ठक!

"कोण आहे तिकडे?" गिऱ्हाईक दचकलं.

"भिंत आहे," म्हणत एलिएसेरनं गुडघे टेकले आणि मोठ्यानं प्रार्थना म्हटली. ठोके थांबले. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी जे पळालं, ते परत आलं नाही.

मग त्यानं धसकाच घेतला. सुताराची हातोडी वाजो की कुणी दार ठोठावो, हा गुडघ्यांवर! "मी मक्याची भाकरी थापली तरी हे खाली बसतात," बायको रडकुंडीला आली. पण पहाट एकही चुकली नाही.

गुरुवारी संध्याकाळी बापाचा दांडा खांद्यावर आला आणि एलिएसेरचे डोळे भरून आले. चौकात मखर टेकूंवर ठेवलं. आता म्होरक्या बेलिसारियोनं दांड्यावर तीन ठोके दिले, की आठ जणांनी उचलायचं.

ठक, ठक, ठक!

सात जणांनी उचललं. एलिएसेर गुडघ्यांवर! "हे आमच्या स्वर्गातल्या बापा..." मखर कललं आणि येशूचा हात नगराध्यक्षांच्या टकलावर येऊन थांबला. लोकांना वाटलं चमत्कार! अख्खा चौक गुडघ्यांवर बसला.

"दाजी, उठा हो! खांदा निखळला माझा!" मागून ओविदियो कळवळला.

बेलिसारियो धावत आला. हातात अर्धी खाल्लेली करंजी. "कुणी उचलायला सांगितलं? मी ठोकलंच नाही अजून!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आणि लाकडाच्या आतून पुन्हा आलं, ठक, ठक, ठक! सातही जणांनी मखर कसंबसं टेकवलं आणि धपाधप गुडघे टेकले.

"खांदा तुमचाच!" फादर गहिवरून म्हणाले. "अख्ख्या गावाला प्रार्थनेला बसवलंत!"

सण संपला, ठोके संपेनात. एलिएसेर मावशीकडे गेला. "आता पुरे म्हणा ना त्यांना!"

"किती दिवस उठवा म्हणालास?"

"रोज."

मावशीनं कपाळावर हात मारला. "मुदत सांगायची असते रे! तुझ्या बापानंही हाच घोळ घातला होता. उगाच का तीस वर्षं पहाट चुकली नाही त्याची?"

"बाबासुद्धा?"

"हो! आणि अजून स्वर्गाच्या दाराबाहेरच खोळंबलाय तो. मग तुला उठवायला दुसरं कोण येणार?"

मावशीच्या टेबलाखालून वाजलं. ठक, ठक, ठक. ठोके चांगलेच वैतागलेले होते. आणि ओळखीचेही!

"उठलो, बाबा, उठलो!" एलिएसेर म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला.