पाहुण्यांचा घास

रविवार, नातीचं बारसं. हजर: मी, माझी मुलगी सायली, तिची तान्ही, अर्नाळ्याहून आलेल्या विहीणबाई आणि शेजारचे आप्पा. आप्पांना फक्त केळीची पानं आणायला सांगितलं होतं. ते जेवायलाही थांबले.

आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीत आप्पांबरोबर लिफ्टमध्ये शक्यतो कोणी शिरत नाही. ते "कसे आहात" विचारत नाहीत. आपल्या पोटाकडे बघतात आणि विचारतात, "पाहुणे जेवले का?" पाहुणे म्हणजे आतड्यातले चांगले जंतू. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता लिफ्टमध्ये शिकवतात. सहाव्या मजल्यावरचे सेक्रेटरी हल्ली जिन्याने जातात.

आप्पा एकटे राहतात. जेवायला बसले की आधी पानाबाहेर एक घास काढून ठेवतात. "सगळं एकट्याने खाऊ नये," म्हणतात.

पानं वाढली आणि बाळ रडायला लागलं. विहीणबाई म्हणाल्या, "दूद कुठलं, पानीच हाय ते. वरचं चालू करा आता. मी मध आनलाय, चाटवू या."

सायलीचा घास हातातच राहिला. डॉक्टरांनी कालच वजन बघून सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं. तरी सकाळपासून ती मला विचारत होती, "आई, अंगावर पाजणं बंद करू का गं?"

"मध नको, ताई. तान्ह्याला बाधतो," आप्पा म्हणाले. "आणि ते पाणी नाही. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत."

"मंग कशाला असतात?"

"पाहुण्यांसाठी. त्या खाऊन चांगले जंतू बाळाच्या पोटात बस्तान बसवतात, मग वाईटांना शिरकाव कठीण. बाळाला पाजता पाजता पानाबाहेरचा घासही आईच काढते."

सायलीने डोळे पुसले. विहीणबाई मात्र हटल्या नाहीत. "तुमाला काय ठावं बालंतिनीचं? तुमच्या घरात पालना कुठं हालला?"

"हलला होता," आप्पा पानाकडे बघत म्हणाले. "थोडेच दिवस. बाळ गेलं, पण हिला दूध येतच होतं. तेव्हा आम्ही गिरीजला होतो. शेजारच्या वाडीत एक बाळंतीण तापाने पडली होती. तिच्या पोराला ही पाजून यायची. म्हणायची, आलंय तर कोणाच्या तरी वाट्याचं असेलच."

विहीणबाईंनी मधाची बाटली पिशवीत परत ठेवली आणि न विचारता आप्पांच्या पानावर भात वाढला.

सायली आतल्या खोलीत बाळाला पाजून आली. "आप्पा, घ्या ना हिला."

"हात खरकटे आहेत," ते म्हणाले. त्यांनी पानाबाहेरचा घास गॅलरीत कावळ्यासाठी ठेवला, हात धुतले आणि आमच्याकडे न बघता घरी गेले.

भाड्याचा पाळणा परत गेला. विहीणबाई घरी पोचल्याचा फोन आला. भांडी जागेवर लागली. नातीला आप्पांच्या मांडीवर द्यायचं तेवढं राहिलंय.