तात्यांचा घर बघायचा कार्यक्रम

बारामतीतल्या माणसाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आधीच सरसावून बसला असाल. कुणीतरी पुढारी असणार, कडक इस्त्रीचे कपडे असणार, मागं गाड्यांची रांग असणार. नाहीतर उसाचा बागायतदार तरी असणार, बोटात अंगठ्या आणि खिशात दोन फोन. तर तसं काय नाही. माझ्या माणसाला ऊस नाही, गाडी नाही, सायकल आहे ती पण माझी. आणि बारामतीत घर नाही. घर नाही म्हणूनच बारामतीत नवीन बांधलेलं एकही घर त्यांनी बघायचं सोडलेलं नाही.

रंगनाथतात्या माझे रूम पार्टनर. आता रूम पार्टनर म्हटल्यावर तुम्हाला केसांना जेल लावणारा माझ्या वयाचा कुणी दिसेल. तेही नाही. तात्यांची पन्नाशी कधीच उलटली. एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहेत, ठेकेदाराकडून. ठेकेदार बदलत गेले, तात्या तेच राहिले. मी स्टँडमागच्या एका दुकानात मोबाईलच्या स्क्रीन बदलतो आणि गिऱ्हाईक नसलं की लोकांच्या नकला करतो. आमची खोली कॅनॉलच्या अलीकडं. वर पत्रा, खाली दोन कॉट, मधे अंग तिरकं करून जावं लागेल एवढी वाट. भाडं निम्मं निम्मं.

तात्यांचं घर निमगाव केतकीला. काकी, म्हणजे तात्यांची बायको, तिथं, तात्या इथं. आधी तात्या एसटीनं जाऊन येऊन करायचे. पण पाळी सुटायची वेळ आणि गावाकडची शेवटची गाडी सुटायची वेळ, दोन्ही एकच पडायला लागली. गेटवर कार्ड मारून पळायचं, आणि स्टँडवर पोचेपर्यंत गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसायचा. शेवटी तात्यांनी माझ्यासमोरची कॉट घेतली. काकींना आणायचं तर तात्यांची आई अंथरुणाला खिळलेली. मग मुलीचं लग्न निघालं, ती डाळजला दिली. गेल्या साली आई पण गेली.

"आता हिला हितं आणायला कायबी आडवं न्हाय," तात्या म्हणतात. "बारामतीच तेवढी आडवी हाय."

खरंच आहे ते. कॉलेजं आली, दवाखाने आले, कंपन्या आल्या, आणि त्यांच्यामागं कुठनं कुठनं माणसं आली. आता इथं एखाद्याचा म्हशीचा गोठा मोकळा झाला की त्यात प्लायवूडचे कप्पे पाडून 'बॉईज हॉस्टेल' अशी पाटी लागते. एकट्या माणसाला कॉट मिळते. नवराबायकोला खोली पाहिजे म्हटलं, की मालक तात्यांच्या पगाराएवढा आकडा सांगतो आणि वर डिपॉझिट सांगताना दुसरीकडं बघतो. म्हणजे काय, बारामतीत संसार करण्यापेक्षा बारामतीत एकटं राहणं स्वस्त पडतं.

मग तात्यांनी काय करावं? भाड्याची खोली परवडत नाही म्हणून ते विकतचे फ्लॅट बघायला लागले.

हसू नका. मी पण हसलो होतो. तात्यांचं म्हणणं असं, की भाड्याची खोली बघायला गेलं तर मालक दारात उभं करून बोलतो. फ्लॅट बघायला गेलं तर आत बसवतात, एसी लावतात, चहा देतात, वर "सर" म्हणतात. "बघायला काय पैसं पडत्यात व्हय?" पाळी सुटली की खोलीवर यायचं, तोंड धुवायचं, लग्नातला शर्ट घालायचा आणि कुठल्यातरी स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटला जायचं. आणि जायचं कसं, तर मुलगी बघायला गेल्यासारखं. मला बरोबर घ्यायचे. का, तर बघायला एकट्यानं जात नाहीत.

सोफ्याच्या कडेला टेकायचं, घोटघोट पाणी प्यायचं, इकडंतिकडं न बघता बघायचं. मग हळूच चौकशी. पाणी कुठलं? कॅनॉलचं का बोअरचं? मालक मूळचे कुठले? त्यांची आधीची बिल्डिंग कुठं दिली, ती सुखात हाय का, का ओल आली? मग उठून भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक. "वर्ण उजळ हाय, पर अंगात दम न्हाय." खिडकी उघडून बघायची. "तोंड पूर्वेला हाय म्हणत्यात, पर जरा तिरळंच हाय." ऑफिसातल्या मॅडमनी बुकिंगचं विचारलं की दोन्ही हात जोडायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचं, "घरी इचारून कळवतो." बाहेर पडल्यावर मला म्हणायचे, स्थळ पसंत नसलं तरी तोंडावर सांगू नये, त्यांनी पोहे दिलेले असतात.

सुप्याच्या बाजूला, अभयारण्याजवळ, एक स्कीम होती. तिथल्या माणसानं सांगितलं, सर, सकाळी बाल्कनीत उभं राहिलात तर हरणं दिसतील. तात्यांनी गंभीरपणे विचारलं, "मला कंपनीत सोडायला येत्याल का ती?"

ही सगळी नक्कल मी चहाच्या टपरीवर करायचो. हात जोडून, मान तिरकी करून, "घरी इचारून कळवतो." लोक पोट धरून हसायचे. तात्याही समोरच्या बाकावर बसून बघायचे आणि मधेच सांगायचे, "आवाज जरा खाली घे की. तू लई ताजातवाना वाटतूय. मी पाळी करून आलेला असतूय."

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तात्यांनी किंमत जास्त आहे असं कधी म्हणून म्हटलं नाही. किंमत ऐकली की नुसती मान हलवायची, जशी काय पिशवीतच आणलीय. आणि मग त्या घरात खोड काढायची. कुठं संडास देवघराला लागून, कुठं गॅलरीत समोरच्याची गॅलरी, कुठं जिना अंधारा. खोड सापडली की तात्या सुटले. रात्री घोरायचे सुद्धा मोठ्यानं. बारामतीनं तात्यांना नाकारलेलं नव्हतं, तात्यांनीच बारामती नाकारली होती, एकेक फ्लॅट करून.

आणि प्रत्येक ठिकाणी एक विचित्र काम करायचे. स्वयंपाकघरात जायचे, ओट्याला पोट लावून उभे राहायचे, आणि शर्टाची बटनं चाचपायचे. मला वाटायचं बटन तुटायची भीती असेल, लग्नातला शर्ट आहे. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "हिचं कोपार ह्या बटनापर्यंत येतंय. ओटा त्याच्या ईतभर खाली पायजे. जास्त उंच असला की भाकरी थापताना खांदं भरून येत्यात." ही गोष्ट मी टपरीवर कधी केली नाही. नकलेत घेण्यासारखं त्यात काय नव्हतं.

मग इंदापूर रोडची ती स्कीम आली. छोटाच फ्लॅट होता, एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर. तात्यांनी टकटक केली. भिंत भरीव. खिडकी उघडली, समोर मोकळं रान, वारा आला. संडास जिथं असावा तिथं. ओट्याला पोट लावून उभे राहिले, बटन चाचपलं, मग परत चाचपलं. मॅडमनी बुकिंगचं विचारलं तेव्हा हात जोडायचेच विसरले.

खोलीकडं निघालो. मी आपला सायकल हातात धरून शेजारनं चालतोय, मधेमधे त्यांचाच आवाज काढून बघतोय, पण हसू नाही, सूचना नाही. त्या आठवड्यात ते तिथं पुन्हा जाऊन आले, मला न घेता. जेवणावरचं लक्ष उडालं. एका संध्याकाळी कॉटवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "कायच खोड न्हाय रं त्या घराला."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय? खोड न्हाय म्हणजे मग काय सांगायचं? मी का घेत न्हाय ते?"

मी उठून फॅनचा वेग वाढवला. तो वाढत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

गुरुवारी तात्यांची सुट्टी. दर गुरुवारी ते गावाला जातात. त्या गुरुवारी गेले नाहीत, काकींनाच बोलावलं. काकी एसटीनं आल्या, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी पण शेंगदाण्याची चटणी. स्टँडवरनं सरळ फ्लॅटवर गेलो. रस्त्यात तात्या त्यांना म्हणाले ते मी मागनं ऐकलं. "बायामाणसाची नजर वेगळी असती. तू नीट बघ. काय ना काय असंलच."

मॅडम खूश. तात्या बाईमाणूस घेऊन आले म्हणजे पसंतीच झाली, असं त्यांनी धरलं. शिपायाला पेढे आणायला पाठवलं. काकींनी चपला दाराबाहेर काढल्या. सॅम्पल फ्लॅटमधे कुणी चपला काढत नाही, पण काकींनी काढल्या, मग तात्यांनी काढल्या, मग मी. हॉल बघितला. खोली बघितली, गादीवर हात फिरवला. खिडकीत बराच वेळ उभ्या राहिल्या. तात्या दोन पावलं मागं, काकींच्या तोंडाकडं बघत, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे.

मग स्वयंपाकघर. ओट्यावर प्लास्टिकची सफरचंदं मांडलेली होती. काकींनी ती बाजूला सारली. दोन्ही तळवे काळ्या फरशीवर ठेवले आणि भाकरी थापल्यासारखे हलवले. खांदे अगदी सैल. तिथं पीठ असतं आणि आम्ही थांबलो असतो, तर त्यांनी आमचा स्वयंपाक करून टाकला असता, असं उभं राहणं होतं ते. थोडा वेळ त्या तशाच हात फिरवत राहिल्या. मग हात उचलले, पदराला पुसले आणि म्हणाल्या,

"ओटा उंच हाय मला."

तात्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "बघ," ते मला म्हणाले, "म्हणलं नव्हतं? काय ना काय असतंयच." तोंड एकदम मोकळं झालं माणसाचं.

आता मी गप्प बसायचं की नाही? पण तोंड आहे ना. मी म्हणालो, "काकी, कुठं उंच आहे, अगदी मापात..." एवढ्यात काकींची टाच माझ्या पायावर आली. अनवाणी होत्या म्हणून वाचलो.

मॅडम पेढे घेऊन आल्या. तात्यांनी हात जोडले आणि सवयीनं सुरू केलं, "घरी इचारून..." आणि अडकले. जिला विचारायचं ती शेजारीच उभी. काकींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्याच म्हणाल्या, "कळवतो आमी, बाई." पेढा मात्र घेतला नाही. पसंत नसलेल्या ठिकाणी तोंड गोड करत नाहीत.

स्टँडवर निमगाव केतकीची गाडी लागायला वेळ होता. तात्या चौकशीच्या खिडकीकडं गेले, चालताना शीळ घालत होते. ते लांब गेलेत बघून काकी माझ्याकडं वळल्या. मी नकलाकार आहे, पण हा आवाज मला अजून काढता आलेला नाही. वर जाणारा आवाज नव्हता तो.

"देवानं तोंड दिलंय म्हणून सगळीकडं वाजवायचं असतं का रं? मला दिसत न्हाय व्हय, ओटा कुठवर येतोय त्यो? उंच हाय म्हणलं मी, मग तूबी उंचच म्हणायचं. पाळी करून दमलेलं माणूस रोज सांजच्याला लोकांच्या रिकाम्या घरातनं हिंडतंय, आन् तू त्येच्या नकला करून च्या पितूस. खोली बघून देशील, त्ये सुचलं न्हाय तुला. आता ऐक. पयल्या तारखेला मी येणार हाय. ओटा नसला तरी खाली बसून थापीन, आन् तुझ्या वाटणीचं भाडं चार घरच्या भाकरी करून भरीन. तवर तुझी कॉट उचल आन् तुझं बघ कुठंतरी. आन् असं तोंड पाडून बघू नगंस माझ्याकडं. लगीन करून असा स्टँडवर संसार करायची येळ तुझ्यावर येऊ दे, मग कळंल तुला."