वेळापत्रकाचं हिरवं लेबल

संगणकाच्या सरांनी टकळीच्या हातात लेबलांची गड्डी ठेवली आणि टकळीची मान चांगली दोन बोटं उंच झाली. नववीच्या अख्ख्या वर्गातून तिचीच निवड! शाळेतले सगळे कॉम्प्युटर आता जुनी प्रणाली सोडून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर जाणार होते. कपाटातल्या सीडी एकेक करून लिनक्सवर लावून बघायच्या. सुरू झाली तर डबीवर हिरवं लेबल, ‘चालेल’. नाही झाली तर लाल.

“नीट केलंस तर संगणक मंडळाची प्रमुख तू,” सर म्हणाले.

टकळीने तोंडाला कुलूप लावून (हे घरी कुणी खरं मानलं नाही) दोन दिवसांत बावीस डब्या उरकल्या. राहिली एक. मुख्याध्यापक बाईंचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर. त्याची डबी होती, पण आतली सीडी बाईंच्या कपाटात आणि बाई गावाला.

टकळीने शिक्षकांच्या खोलीत डोकं घातलं. “सर, बाईंचं वेळापत्रक तेवढं राहिलंय. चालेल?”

सर उत्तरपत्रिकांत नाकापर्यंत बुडालेले. “चालेल गं, चालेल!”

सरांना माहीतच असणार! टकळीने हिरवं लेबल ठोकून दिलं.

ते लेबल बघून सरांनी शनिवारी बाईंचा कॉम्प्युटर साफ पुसला आणि लिनक्स टाकलं. सोमवारी सकाळी बाई परतल्यावर त्यांच्या कपाटातली सीडी मागून आणून लावली. ढिम्म.

“हिरवं कुणी लावलं?”

“तुम्हीच म्हणालात, चालेल!”

“अगं, राहिलं तरी चालेल म्हणालो!” सरांनी कपाळ धरलं. “उद्यापासून नवीन वेळापत्रक लागायचंय. बाईंना कोण सांगणार?”

“तुम्ही मोठे आहात.”

“लेबल तुझं आहे.”

शेवटी दोघं गेली. मंडळाचं प्रमुखपद टकळीला लांब लांब जाताना दिसत होतं. तरी तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. “चूक माझी आहे बाई. मी न तपासताच लेबल लावलं.”

बाईंनी उठून दार लावलं.

“ते सॉफ्टवेअर ना,” बाई हळूच म्हणाल्या, “पाच वर्षांपूर्वीच बंद पडलंय. वेळापत्रक मी घरी वहीत करते आणि टाइप करून छापते.”

“पण तुम्ही तर सांगता, कॉम्प्युटर काढून देतो म्हणून!” सरांनी आ वासला.

“मग काय सांगू? शेवटचा तास कुणालाच नको असतो. माझ्याशी सगळे भांडतात, कॉम्प्युटरशी कोण भांडणार? ते हिरवं लेबल अजिबात काढायचं नाही. आणि मंडळाच्या प्रमुख, टायपिंग येतं ना तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वेळापत्रक लागलं. पाच मिनिटांत खेळाचे सर तणतणत आले.

“शनिवारी शेवटचा तास पुन्हा माझ्याच गळ्यात? बाई, जरा बदला की!”

बाईंनी टकळीकडे पाहिलं. टकळीने ओढणी सावरली आणि अगदी गंभीर चेहरा केला.

“लिनक्स आहे सर. त्याच्याकडे वशिला लागत नाही.”