मागचा डावा पाय

लोखंडाला घाबरायचं काय कारण? लोखंड तुमच्या-आमच्यासारखंच असतं. तापवलं की नरमतं, ठोकलं की ऐकतं! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना ऐकवायचो. तेव्हा आमच्या गॅरेजात माझं वर्कशॉप सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

वर्कशॉप म्हणजे एक जुनं टेबल, त्याला बसवलेला, वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, दोन कानशी, हॅकसॉ, ड्रिल, लोखंड कापायचा ग्राइंडर आणि वेल्डिंगचं छोटं मशीन. गुरू शेजारचे फिटरकाका. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला होता. आधी मोजून रेघ मारायची, मग त्या रेघेवर कापायचं, मग कानस चालवून लोखंडाचा एक ठोकळा सगळीकडून काटकोनात आणायचा.

"ठोकळा जमला की बिजागरी करू, मग क्लॅम्प," काका म्हणाले. "वेल्डिंग सगळ्यात शेवटी."

ठोकळ्याला मी चार दिवस दिले. तो काटकोनात येईना, लहान मात्र होत गेला! शेवटी शर्टाच्या बटणाएवढा उरला, तेव्हा मी काकांना न विचारता थेट वेल्डिंगला हात घातला आणि चौकोनी पाइपची एक खुर्ची उभी केली.

काकांनी ती पाहिली. हातोडीने एकेक सांधा ठोकला. टण्ण. टण्ण. टण्ण. थप्प.

"मागचा डावा," ते म्हणाले. "वरून छान दिसतोय. आत धातू वितळलाच नाही. नुसता चिकटलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कापून पुन्हा करायचा. तोवर हिच्यावर मांजरसुद्धा बसू देऊ नका."

ग्राइंडरची चकती झिजली होती, म्हणून काम रविवारवर गेलं. बायकोला मी काही बोललो नाही. 'यापुढे या घरात विकतचं फर्निचर येणार नाही!' असं आधीच जाहीर करून बसलो होतो ना!

रविवारी दुपारी नवी चकती घेऊन घरी आलो आणि दारातच थबकलो. बायकोने कौतुकाने खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली होती, वर उशी घातली होती, आणि त्या उशीवर आमचे साहेब बसले होते! साहेब शंभर किलोला दोन-तीनच कमी. त्यात येत्या आठवड्यात सेक्शनप्रमुखाच्या जागेसाठी ते एक नाव वर पाठवणार होते. ते नाव माझं असावं म्हणून मी वर्षभर नको त्या फायलीसुद्धा वेळेवर दिल्या होत्या.

"यांनी स्वतः केलीय बरं का!" बायको सांगत होती. "टेकून बसा ना, साहेब!"

साहेब टेकले. कर्र!

तो आवाज फक्त मला ऐकू आला.

"साहेब, सोफ्यावर बसा ना," मी म्हणालो.

"नको. गेल्या वर्षी मणका सरकलाय माझा. मला ताठच बसावं लागतं."

मणका! माझ्या डोळ्यांसमोर साहेब स्ट्रेचरवर आणि मी त्यांच्या मागे चकती घेऊन धावतोय, असं चित्र आलं. बायको चहा ठेवायला आत गेली. हीच वेळ होती.

"साहेब, स्पष्टच बोलतो. तुम्ही ही खुर्ची सोडलीत तर बरं होईल."

साहेबांचा चेहरा आक्रसला. "काय म्हणालात?"

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय. आतून सगळं पोकळ आहे. वरून कळत नाही, पण केव्हाही जाईल!"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जाणकार माणसाने. ठोकून बघितलंय त्यांनी."

साहेब पुढे झुकले. खुर्ची कण्हली. त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हेड ऑफिसातून काही कळलंय का?"

हेड ऑफिस मध्येच कुठून आलं, मला कळेना. माझे डोळे साहेबांच्या मागे, जमिनीकडे लागले होते. "सगळा घोळ त्या मागच्या डाव्याचा आहे," मी पुटपुटलो.

"मागचा डावा?" साहेबांनी मनातल्या मनात ऑफिस फिरून घेतलं असणार. त्यांच्या केबिनच्या मागे डाव्या हाताला रेकॉर्डवाला बसतो. "तो? अहो, गरीब गाय आहे तो!"

"दिसायला छानच आहे, साहेब. पण भार पेलायची ताकद नाही. मी आज संध्याकाळी कापणारच आहे त्याला!"

"कापणार?"

"मुळापासून! ही बघा ना, नवी चकती आणलीय." मी ती वेष्टनातून काढून दाखवली.

साहेबांनी चकती पाहिली, मला पाहिलं आणि जिवाच्या आकांताने खुर्चीच्या पाठीला रेटून बसले. कर्रर्र! आता मात्र माझा धीर सुटला. मी जमिनीवर झेप घेतली आणि मागचा पाय दोन्ही हातांनी गच्च धरला.

नेमकी बायको चहाचा ट्रे घेऊन आली. नवरा साहेबांच्या पायाशी आडवा!

"अहो!" ती दबक्या आवाजात ओरडली. "त्या नावासाठी इतकं खाली उतरायचं?"

"आधी साहेबांना उठव!"

"चहा न देता?"

"मी... मी निघतो," साहेब म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीवर सगळा जोर दिला.

थप्प!

पाय माझ्या हातात आला. खुर्ची कलंडली आणि साहेब थेट माझ्या पाठीवर बसले. मणका वाचला! त्यांचा. बायकोच्या ट्रेमधला एक थेंबही सांडला नाही, हे सांगायलाच हवं.

वरून साहेबांचा आवाज आला. "मागचा डावा... म्हणजे हा?"

"होय, साहेब."

"आणि रेकॉर्डवाला?"

"चांगला आहे, साहेब. फारच चांगला."

ते उठले, सोफ्यावर बसले, कमरेचं कमर बघून घेईल अशा थाटात चहा पिऊ लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी वेगळ्याच कामासाठी आलो होतो. आई बाथरूममध्ये दोनदा घसरली. धरायला भिंतीला दांडी हवी होती. ऑफिसात तुमचं लोखंडाचं ऐकत असतो, म्हटलं तुम्हालाच सांगावं." त्यांनी माझ्या हातातल्या पायाकडे पाहिलं. "आईचं वजन तसं कमी आहे. पण नको."

खरं सांगतो, नाव हातचं गेल्यापेक्षा ते 'नको' जास्त लागलं.

बायकोनेच तोंड उघडलं. "दांडी फिटरकाका करतील, साहेब. हे नुसते धरायला जातील."

सोमवारी रेकॉर्डवाल्याचं नाव वर गेलं. पुढच्या रविवारी काका आणि मी साहेबांच्या घरी गेलो. काकांनी दोनदा मोजलं, एकदा खूण केली, भोकं पाडली. मी चाळीस मिनिटं दांडी धरून भिंतीला चिकटून उभा होतो. श्वाससुद्धा बेताने घेत होतो, हललो आणि आजी पडल्या तर? शेवटी आजींनी सगळा भार टाकून दांडी ओढून पाहिली. जागची हलली नाही!

"भक्कम झालीय हो," त्या काकांना म्हणाल्या. मग चष्मा सावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे कोण?"

"हेल्पर," काका म्हणाले.

साहेब दारातच उभे होते. त्यांनी काही दुरुस्ती केली नाही. मीही नाही.

"चांगला मिळालाय," आजी म्हणाल्या. "फार बोलत नाही."