रिकामा खिळा आणि दोन साडू

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्यावर बँकेचं कॅलेंडर. खिळा कॅलेंडरसाठी ठोकलेला नव्हता. फ्लॅटचा ताबा मिळाला त्याच दिवशी, देव मांडायच्याही आधी, अन्नपूर्णाबाईंनी तो आपल्या लग्नाच्या फोटोसाठी ठोकून घेतला होता. फोटो मात्र नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी तंजावरात बालाजीरावांनी त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं तेव्हा फोटोग्राफर समोर उभा होता, फ्लॅश उडत होता, सगळं यथासांग चाललं होतं. आठ दिवसांनी तो घरी आला आणि म्हणाला, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं राहिलं, रीळ काळं आलं. दुसऱ्या रिळातले पंगतीचे दोन फोटो तेवढे वाचले होते. त्यांत सांबाराची बादली फार स्पष्ट आली होती.

त्यामुळे बालाजीरावांची षष्ट्यब्दी आली तेव्हा बाईंनी नवी साडी मागितली नाही की काशी मागितली नाही. साठाव्या वर्षी नवराबायकोचं लग्न पुन्हा लावायचा रिवाज आहे, मंगळसूत्रही पुन्हा बांधतात. "गाठ बांधतांना एक फोटो पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमचे दोघांचे. मेल्यावर हार घालतात तो नव्हे."

बालाजीराव रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन महिने आधी फोटोग्राफर ठरवला. गोष्ट इथेच संपायची, पण त्यांच्या दोन्ही जावयांनी त्याच महिन्यात नवे फोन घेतले.

थोरले जावई गिरीधर तंजावरच्याच मराठी घरातले, अंबत्तूरच्या एका कारखान्यात माल तपासायचे. दिवसभर पंपाच्या झडपा भिंगाखाली धरून त्यातला दोष शोधणं हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावरही नजर तशीच राहायची. धाकटे गजेंद्र साताऱ्याचे, सॉफ्टवेअर कंपनीत होते. सहा वर्षं चेन्नईत राहून ते तमिळमधलं 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच शिकले होते आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. दोघांचे फोन घडीचे, पण एकमेकांशी हाडवैर असलेल्या दोन कंपन्यांचे. गिरीधरांचा पुस्तकासारखा उघडायचा, गजेंद्रांचा मधोमध दुमडून तळहातात मावायचा. अन्नपूर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी एकाचं नाव पोथी ठेवलं आणि दुसऱ्याचं डबी.

सुरुवात कॉफीवरून झाली. समारंभाच्या तीन दिवस आधी दोघं सासुरवाडीला आले, पुढ्यात डबरा-टंबलरच्या वाटी-पेल्यातून फिल्टर कॉफी आली, आणि दोघांनी एकाच वेळी तिचा फोटो काढला.

"तुमच्या फोटोत फेस पिवळा आलाय," गजेंद्र म्हणाले.

"फेस पिवळाच असतो."

"माझ्यात बघा. एकेक बुडबुडा मोजून घ्या."

"मोजला. तो बुडबुडा नव्हे, तुमच्या लेन्सवरचा डाग."

त्यानंतर घरातली कुठलीही वस्तू दोनदा फोटो काढल्याशिवाय जागची हलली नाही. गजऱ्याचे फोटो झाले, तुळशीचे झाले, मांबलम स्टेशनच्या पुलावरून धावत्या गाडीचे झाले. तिन्ही संध्याकाळी दोघं साडू गच्चीवर चंद्राचे व्हिडिओ घेत उभे राहिले. जेवताना पानातल्या आंबट भाजीची चित्रं निघेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही, असा दंडक पडला. थोरली लेक हरिप्रिया स्वयंपाकघरातून म्हणाली, "अम्मा, रसम तिसऱ्यांदा तापवून झालं. आणखी एकदा तापवलं तर त्याची चटणी होईल."

दुसऱ्या दिवशी गिरीधर म्हणाले, "घरात असले कॅमेरे असतांना बाहेरचा फोटोग्राफर कशास?" गजेंद्रांना साडूंचं एखादं म्हणणं पटलं असं ते पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. त्याच भरात फोटोग्राफरला नको म्हणून कळवण्यात आलं.

"रीळ काळं करणारा तरी एकटाच होता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "इथं दोघं आहेत."

"आई, तुम्ही निर्धास्त राहा," गजेंद्र म्हणाले. "यात रीळ नसतं." बाईंनी खिळ्याकडे पाहिलं.

समारंभ गल्लीतल्याच छोट्या मंगल कार्यालयात होता. कोणी कुठे उभं राहायचं यावरून सकाळी साडेसहाला वाद झाला. चेहरे पुढून दिसतात, म्हणून गजेंद्रांना पुढची जागा हवी होती. गिरीधरांचं म्हणणं असं की गाठ मानेच्या मागे बसते, तेव्हा खरा फोटो मागूनच. अखेर डबी नवरानवरीच्या पुढे आणि पोथी पाठीमागे, असं ठरलं. मध्ये कुणाचा हात येऊन तुलना बिघडू नये म्हणून दोघांनी सगळ्या पाहुण्यांना आपापले फोन आत ठेवायची विनंती केली. ऐंशी वर्षांच्या राजसबाई आत्यांनी आपला फोन पिशवीत घातला, पिशवी मांडीखाली घेतली आणि म्हणाल्या, "चोर कोण आहे ते तरी सांगा."

गजेंद्रांच्या डबीला बाहेरच्या अंगालाही एक काडेपेटीएवढा पडदा होता. समोरच्या माणसाला आपला फोटो कसा येतोय ते त्यात दिसायचं. गजेंद्रांनी तो चालू केला, सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, डोळे मिटू नयेत म्हणून. अप्पांनी डोळे मिटले नाहीत. ते होमापुढे बसून अर्धा तास स्वतःकडे पाहत राहिले. एकदा केस सारखे केले, एकदा पोट आत घेतलं. थोड्या वेळाने सत्यनारायण शास्त्रीही संकल्प सांगता सांगता पुढे वाकले आणि त्यांनी कपाळावरचं गंध नीट करून घेतलं.

"अप्पा, होमाकडे बघा," मागून गिरीधर म्हणाले.

"बघतो रे. तूप सोडतांना माझा हात बरा दिसतो की नाही ते बघतो."

तेवढ्यात गजेंद्रांच्या लक्षात आलं की अप्पांच्या चष्म्यात ट्यूबलाइट चमकते आहे. त्यांनी स्वतः पुढे येऊन चष्मा काढून घेतला आणि खिशात ठेवला. चष्म्याविना बालाजीरावांना पडदा दिसेना, होम दिसेना, आणि शास्त्री नुसता आवाजावरून ओळखू येऊ लागले.

मुहूर्त आला. शास्त्रींनी हात वर करून वाजंत्रीवाल्यांना खूण केली, नादस्वरम आणि तविल एकदम असे कडाडले की शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येईना. बालाजीरावांनी मंगळसूत्राचा हळदीचा दोरा बाईंच्या मानेभोवती घेतला. पुढे गजेंद्रांनी बटण दाबलं. फोनने फोटो काढला नाही. आतल्या मोठ्या पडद्यावर सूचना आली: जागा शिल्लक नाही.

जागा चंद्राने खाल्ली होती. तीन संध्याकाळचे त्याचे व्हिडिओ, शिवाय कॉफी, गजरा, गाडी आणि आंबट भाजी. गजेंद्रांनी एका हाताने, कॅमेरा चालूच ठेवून, डबी तशीच रोखून धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चंद्र पुसायला घेतले. फोनने प्रत्येक चंद्राला विचारलं, नक्की पुसायचं का. गजेंद्र पुसत गेले. एका चंद्रापाशी मात्र अडखळले, तो फार चांगला आला होता. त्या वेळात गाठ बसली, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली.

"आलं?" गिरीधरांनी विचारलं.

"तुमच्याकडे आलं ना?"

गिरीधरांनी पोथी उघडून पाहिली. त्यांचा फोटो आला होता. त्यात अगदी जवळ, धुरकट, दोन डोक्यांच्या मागच्या बाजू होत्या. फोनने आपल्या अकलेने समोरच्या उजेडावर नजर रोखली होती, त्यामुळे दोन डोक्यांच्या फटीतून गजेंद्र मात्र लख्ख दिसत होते: कपाळावर घाम, हातात डबी, आणि चेहरा एखाद्याला निरोप देतानाचा.

बातमी पंगतीत पोचली. कुणीतरी म्हणालं, त्यात काय, पुन्हा बांधून घ्या. शास्त्री म्हणाले, मुहूर्त गेला. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "खोटं खोटं बांधून घ्यायला मी काय नवरात्रात मांडतात ती कोलूतली बाहुली?" मग त्या दोन्ही जावयांना "सरी, जेवायला बसा," म्हणाल्या आणि स्वतः पानावर बसल्या. पायसम दुसऱ्यांदा घेतलं नाही. मंगळसूत्राचा ओला पिवळा दोरा त्या मधून मधून बोटाने चाचपत होत्या. हरिप्रिया नवऱ्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "ती रडली असती तर मी तुम्हास माफ केलं असतं. रडत नाही, हेच वाईट."

गिरीधरांना खरोखर वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते दोष शोधायचे. त्यांनी पोथी उघडली, आपला फोटो मोठा केला आणि साडूंच्या फोनवर काही सापडतं का ते तपासू लागले.

"तुमच्या डबीस ओरखडा आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्याच्या खाली. मणून फोटो येत नाहीत."

"ओरखडा नाही तो. दाखवा." गजेंद्र केळीच्या पानावरून झुकले. "आणखी मोठं करा. तो पडदा आहे बाहेरचा. त्यात काहीतरी—"

गिरीधरांनी दोन बोटांनी आणखी ताणलं. काडेपेटीएवढ्या त्या पडद्यात, होमाच्या धुरापलीकडे, बालाजीराव आणि अन्नपूर्णाबाई बसले होते. बालाजीरावांचे दोन्ही हात बाईंच्या मानेमागे होते आणि गाठ नेमकी बसत होती. बाईंची मान खाली होती. बालाजीराव मात्र ना कॅमेऱ्याकडे पाहत होते, ना स्वतःकडे. चेहरा बाईंच्या चेहऱ्याजवळ नेऊन, डोळे बारीक करून ते त्यांच्याकडेच पाहत होते, अगदी मन लावून.

पोथी पंगतीतून हातोहात बाईंपर्यंत गेली. त्यांनी ती हातभर लांब धरली, नंतर जवळ घेतली. मग वाढप्याला म्हणाल्या, "पायसम आण बघू."

हात धुताना साडूंचा वाद पुन्हा उभा राहिला. गजेंद्रांचं म्हणणं, चित्र डबीच्या पडद्यावर उमटलं, तेव्हा फोटो डबीचा. गिरीधरांचं म्हणणं, डबीकडे जागाच नव्हती, टिपला पोथीने. इतक्या लांबून एवढासा पडदा वाचणं पोथीलाच जमतं, असं गजेंद्रांना कबूल करावं लागलं. पडदा इतका स्वच्छ नसता तर वाचायला काही नव्हतंच, हे गिरीधरांना. धाकटी लेक भव्या नळापाशी उभी होती. "चष्मा कुणाच्या खिशात आहे ते आधी बघा," ती म्हणाली. "अप्पा मघापासून खांबाशी बोलत आहेत."

फोटो छापायला टाकला तेव्हा स्टुडिओवाल्याने फक्त पडदा कापून मोठा करून पाहिला. चौकटीएवढं ताणल्यावर बालाजीरावांचे नुसते चौकोन उरले. शेवटी आहे तसाच छापला. आता हॉलमधल्या खिळ्यावर मोठ्या लाकडी चौकटीत घाम पुसायला विसरलेले गजेंद्र उभे आहेत, त्यांच्या हातात डबी आहे आणि डबीत नवरानवरी. चौकटीखालच्या कपाटावर बाईंनी एक भिंग ठेवलं आहे. गिरीधरांनी ते अंबत्तूरहून आणून दिलं.

पहिल्या आठवड्यात एकदा दोघंच घरी असताना अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "ह्यात माझ्याकडे असं काय बघूलाले होते तुम्ही?"

"गाठ दिसत नव्हती," बालाजीराव म्हणाले. "चष्मा कुठं होता मला?"

संध्याकाळी राजसबाई आत्या आल्या. बाईंनी त्यांना चौकटीपुढे नेलं, हातात भिंग दिलं आणि म्हणाल्या, "जावयांस सोडा. त्या डबीत बघा. चौतीस वर्षं झाली, आणि कसं बघूलालेत बघा माझ्याकडे."

आत्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. बालाजीराव खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि मिटून घेतलं. मग आज तारीख किती ते पाहायला भिंतीकडे वळले. कॅलेंडर तिथे नव्हतं. बालाजीराव चष्मा काढून, डोळे बारीक करून, खिळ्यावरच्या फोटोकडे बघत बसले.